फुलवंताला उठवायची रीत

मी बाळंतपणं करत नाही. तुमसरला दवाखाना थाटला तेव्हापासून तो बंद करेपर्यंत हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की आमचा कंपाउंडर गोविंदा शेवटी म्हणाला, "बाई, पाटीवरच लिहून टाका ना." सत्तरच्या दशकात आमच्या भंडारा जिल्ह्यात बाई डॉक्टर म्हणजे बाळंतपणाचीच, हा समज अगदी पक्का. नागपूरला छातीचे आणि हृदयाचे आजार शिकून, मोठी परीक्षा पास होऊन मी आले, आणि पहिल्याच आठवड्यात एका आजीबाईनं माझी नळी निरखून विचारलं, "हे पोटाले लावाचं असते ना?" मी म्हटलं, छातीला. "मंग राहू द्या," म्हणाली, अन् सुनेला घेऊन चालती झाली!

तर संपादकांनी दिवाळी अंकासाठी हृदयावर लिहा म्हटलं तेव्हा मला जरा धास्तीच वाटली. हृदय म्हटलं की लोक लगेच प्रेमाबिमाकडे वळतात. मला त्यातलं काही येत नाही. मला येतो तो ठोका, आणि तो ठोका बिघडवणाऱ्या नसा. सांगायची आहे ती फुलवंताची आणि तिच्या आईची गोष्ट; आधीचं सगळं तुम्हाला तिथपर्यंत नेण्यापुरतं.

कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी बेडकाचं हृदय काढून खारट पाण्याच्या बशीत ठेवलं. ते तिथेही धडधडत राहिलं. ना मेंदू, ना रक्त, ना बेडूक, अन् हे आपलं चालूच! माझा आ मिटेना. मग दुसऱ्या बेडकाच्या मानेतली एक बारीक नस सरांनी विजेच्या तारेनं नुसती छेडली, तर चालतं हृदय जागच्या जागी थांबलं. तार काढली, पुन्हा सुरू. त्या दिवशी मी जेवले नाही. किळस आली म्हणून नाही, डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं म्हणून.

हृदय आपल्या बळावर चालतं, त्याला चालवायला मेंदू लागत नाही. पण किती जोरात चाल, किती सावकाश चाल, हे मेंदू त्याला दोन वाटांनी सांगत असतो. आमच्याकडे शंकरपट भरतो, बैलांची शर्यत. बैल पळतो आपल्याच पायांनी; हाकणाऱ्याच्या हाती फक्त कासरा आणि तुतारी, म्हणजे टोकाला आर लावलेली काठी. मेंदूतून निघून मानेवाटे खाली उतरणारी वेगस नावाची नस म्हणजे कासरा. ती ओढली की ठोके मंदावतात. पाठीच्या कण्यालगत नसांची दुसरी साखळी असते, ती तुतारी. भीती, राग, पळापळ, दचकणं, सगळ्याला तीच टोचते. पेशंटला मी हे असंच सांगत आले, आणि बपेऱ्यापासून कोंढ्यापर्यंत, जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणाला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

कोंढ्याचाच एक गडी होता, धानाचं पोतं सहज पाठीवर टाकणारा. मी इंजेक्शनची सुई वर धरून हवा काढली, अन् हा आडवा! सुई लागलीसुद्धा नव्हती. नाडी इतकी मंद की मला आधी सापडेचना. डोळ्यांनी सुई पाहिली, मेंदूनं कासरा खेचला, हृदय बसलं. पाय वर धरले तसा शुद्धीवर आला आणि म्हणाला, "बाई, कोनाले सांगू नोका." इतकी वर्षं नाही सांगितलं. आता तो नाही, म्हणून सांगते.

बपेऱ्याच्या एका दुकानदाराचं उलटं. बसल्या बसल्या त्याची छाती एकदम धावत सुटायची, मोजता येऊ नये इतकी. मी त्याला ठोके कागदावर उतरवणाऱ्या मशीनच्या पट्ट्या बांधल्या, औषध भरून हाताशी ठेवलं आणि जबड्याखाली, मानेच्या एका बाजूला बोटांनी दाबून चोळलं. तिथून कासऱ्याला हात पोचतो. कागदावर धावणारी सुई एकदम सरळ रेघ काढायला लागली. गोविंदा माझ्या तोंडाकडे बघतोय, मी कागदाकडे. मग एक ठोका आला. मग दुसरा, अगदी घरच्यासारखा शांत. दुकानदार म्हणाला, "बाई, तुमी माया जीव काढून पाह्यला अन् परत ठेवला." हे कोणी घरी करून बघू नका. परत ठेवता आला नाही तर काय कराल?

आता फुलवंता.

ती आली उन्हाळ्यात, आईबरोबर. आई अनुसया. चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करणाऱ्या मारोतीची बायको. खाणीच्या वसाहतीत एका ओळीतल्या घरात राहणारी. पोरगी सोळा-सतराची, धट्टीकट्टी, सारखी हसू दाबणारी. आजारी कोण आहे ते मला विचारावं लागलं.

"हिच्या अंगात येते, बाई," अनुसया म्हणाली.

"अंगात येते त मायाकडे कायले आणली?"

"फिटच्या गोळ्या देल्ल्या डॉक्टरनं. तरी पडते. कोनी मनलं तुमच्याकडं छातीची मशीन आहे." मग तिनं पदर तोंडाला लावला. "हिच्याहून मोठी होती, शांता. तिले बी असंच होये. थाळी वाजवली, पन नाही उठली. परसाल गेली, बाई. आता ही गेली त मी काय करू?"

थाळीचं सांगायला हवं. कोणी बेशुद्ध पडलं की त्याच्या कानाशी काशाची थाळी जोरजोरात बडवायची, म्हणजे अंगात शिरलेलं निघून जातं आणि माणूस उठतं, अशी त्यांची रीत. फुलवंता दर वेळी थाळीनंच उठली होती, असं अनुसयाचं ठाम म्हणणं.

"पडते कधी?"

"पहाटी. बाप पयल्या पाळीवर असला का तवाच. घरातला मानूस उठला का ते येते, असं ओळीतल्या बाया मनते."

"भूत काय पाळ्यांचा तक्ता पाहून येते?" मी जरा चिडूनच म्हटलं. फुलवंता फस्सकन हसली. आईनं तिला चिमटा काढला.

मी पट्ट्या बांधून कागद काढला. कसं असतं, एक ठोका मारून झाला की पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला हृदयाला जरासा वेळ लागतो. तो वेळ कागदावर मोजता येतो. फुलवंताचा भलताच लांब होता. माझा आधी मशीनवरच संशय. गोविंदाला पडद्याआड नेलं, सदरा उतरवायला लावला, गुदगुल्या होतात म्हणून तो कुरकुरला, तरी त्याचा कागद काढला. त्याचा अगदी पुस्तकात छापावा असा. म्हणजे मशीन बरोबर होती आणि ही हसरी पोरगी बरोबर नव्हती. बैल अजून धड उभे राहिलेले नाहीत आणि तेवढ्यात कोणी तुतारी टोचली तर काय होईल? हा दोष ज्यांच्यात पिढीजात उतरतो अशा घराण्यांबद्दल मी पुस्तकात ओझरतं वाचलं होतं. ओझरतं.

म्हटलं, पुन्हा एकदा नीट काढू. फुलवंता डोळे मिटून निवांत पडली. मशीन चालू केली. आणि तिच्या डोक्यामागच्या मेजावरचा फोन खणाणला. तेव्हाचे ते काळे फोन, त्यांची घंटा शेजारच्या तीन दुकानांना ऐकू जायची.

फुलवंताचे डोळे पांढरे झाले, हातपाय झटकायला लागले. कागदावरचे ठोके गेले आणि त्या जागी पीळ पडलेल्या सुतळीसारखी रेघ, कुठे रुंद, कुठे बारीक. ही फीट नव्हती. हृदय ठोका द्यायचं सोडून नुसतं थरथरत होतं, मेंदूला रक्त मिळत नव्हतं, म्हणून हातपाय झटकत होते. मी छाती दाबायला हात रोवले तेवढ्यात तो पीळ आपोआप सुटला. एक ठोका आला. मागून दुसरा. मी श्वास सोडते न सोडते तोच माझ्या कानाशी धडाड् धडाड् सुरू झालं. अनुसयानं माझा स्टीलचा ट्रे उचलला होता आणि कात्रीनं पोरीच्या कानापाशी जीव खाऊन बडवत होती. "उठ वो माय! उठ! जाऊ नोको!"

कागदावर पुन्हा पीळ.

मला ओरडायचीसुद्धा भीती वाटली. मी अनुसयाचं मनगट धरलं, ट्रे काढून घेतला आणि तो गादीवर टाकला, जमिनीवर नाही. मग पोरीची छाती दाबायला लागले. गोविंदानं फोन उचलून बाजूला ठेवला होता. खोलीत मशीनच्या घरघरीशिवाय आवाज नाही. आणि त्या शांततेत पोरीचं हृदय परत आलं. सावकाश, लाजत लाजत म्हणा हवं तर. फुलवंतानं डोळे उघडले. "मी पडली का?"

अनुसया माझ्याकडे पाहत होती, मग ट्रेकडे, मग आपल्या मनगटाकडे. गोविंदा हळूच म्हणाला, "बाई, फोनवर इचारून राहिले होते, बाळंतपन होईल का मनून."

तो कागद हातात धरून मी बसून राहिले. आवाज कानात शिरतो, कानातून मेंदूत, मेंदूतून त्या साखळीवाटे हृदयात, आणि हे सगळं आपण 'काय झालं' म्हणायच्या आत. आपल्याला कोणी विचारत नाही. आपल्याच अंगात आपल्याला न विचारता केवढा कारभार चाललेला असतो! मी देवभोळी नाही, पण त्या दिवशी कोणाच्या तरी पाया पडावं असं मला वाटलं.

मग मी अनुसयाला विचारलं, "पयल्या पाळीले मारोती उठते कसा?"

"गजर लावते. मोठं घड्याळ आहे, घंटेवालं."

"ठेवते कुठी?"

"पोरीच्या उशाशी. तिथंच फळी आहे ना."

"अन् दुसऱ्या पाळीले?"

"दुसऱ्या पाळीले गजर कायले लागते?" ती म्हणाली, आणि बोलता बोलता थांबली.

खाणीचा भोंगा का बाधत नव्हता, हेही मी विचारून घेतलं. तो वाजेपर्यंत पोरगी उठून पाणी भरत असायची, शिवाय भोंगा हळूहळू चढतो. गजर चढत नाही, तो झोपेतल्या माणसावर एकदम पडतो.

नागपूरला माझ्या सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मी मनात धरलेलीच गोळी सांगितली. ती तुतारीची धार बोथट करते. मारोतीचाही कागद काढला, तो कधी पडला नव्हता तरी त्याचाही थोडा लांब निघाला. घराण्यातून उतरणारी गोष्ट ही. गोळी दोघांनाही सुरू केली. गोळी एक दिवसही चुकवायची नाही, गजर बंद, थाळी बंद, झोपेतून उठवायचं ते हात लावून, हळू. अनुसयानं सगळं मान खाली घालून ऐकलं.

पुढच्या खेपेला ती गोळ्यांसाठी आली तेव्हा रडकुंडीला आली होती. "घड्याळ भावाच्या घरी देऊन टाकलं, बाई. पन शेजारच्याचा गजर आमच्याच घरात वाजते. भित एकच ना! पोरगी काल दचकून उठली. गोळीनं पडली नाही, पन ओठ पांढरे झाले."

"मग घर बदला."

"खान सोडून जावाचं कुठी?"

याला माझ्याकडे औषध नव्हतं. मी तसं म्हटलंही. ती गेली. त्यानंतर गोळ्या न्यायला मारोती यायचा. विचारलं की म्हणायचा, "आता गजर नाही, बाई. साऱ्या ओळीत नाही." मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून सांगतोय. साऱ्या ओळीतले खाणकामगार गजर न लावता पहाटेच्या पाळीला कसे पोचतील? पाळी बुडाली की रोजी गेली.

थंडी पडल्यावर मी मशीन घेऊन चिखल्याला गेले. गोळीवर असताना झोपेतून जागं होताना हिचं हृदय काय करतं, ते मला बघायचं होतं. रात्री त्यांच्याकडेच मुक्काम केला. फुलवंताच्या हातापायांना पट्ट्या बांधून दिल्या, तशीच ती हसत हसत झोपली. पहाटे अनुसया उठली, खांद्यावर चादर घेतली आणि मला म्हणाली, "चला, दाखवतो."

बाहेर धुकं होतं. ओळीतल्या घराघराच्या खिडकीतून एकेक सुतळी बाहेर लोंबत होती. मला काही कळेना. अनुसयानं पहिली सुतळी धरली आणि हळूच ओढली. एकदा, मग जरा थांबून पुन्हा एकदा. आतून एक पुरुष दबक्या आवाजात म्हणाला, "उठलो वैनी." पुढचं घर. पुढची सुतळी. प्रत्येकानं सुतळीचं दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला बांधून घेतलं होतं. एका घरातून कुरकुर आली, "हळू ओढ ना वो! पाय आहे का बैलाचा कासरा?" मला हसू दाबायला पदर तोंडात कोंबावा लागला.

उन्हाळ्यात म्हणे गडी बाहेर खाटांवर झोपायचे आणि ती नुसता पायाला हात लावत जायची. सुतळी फक्त थंडीपुरती. जिची पोरगी, तिनं साऱ्या ओळीला उठवायचं, असं ठरलं होतं. पाळी कोणाचीही असो, ही रोज उठायची; पोरीच्या काळजीनं तिला स्वतःला गजर लागतच नव्हता. आणि एका पोरीचा ठोका चुकू नये म्हणून साऱ्या ओळीनं आपले गजर उतरवून ठेवले होते. मी मोठमोठ्या डॉक्टरांची भाषणं ऐकली आहेत. त्या सुतळ्यांसमोर मला जसं लहान वाटलं, तसं कुठेच वाटलं नाही.

फुलवंता जगली, हे आत्ताच सांगून टाकते, ताटकळत ठेवायची मला आवड नाही. तिचं लग्न झालं, मुलं झाली, मुलांचेही कागद मीच काढले. बाळंतपणं मात्र दुसरीकडे.

त्या पहाटे शेवटच्या घरापाशी अनुसयानं सुतळी हातात धरली, पण ओढली नाही. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाई, शांताच्या वक्ती मी थाळी वाजवली नसती त?"

हा प्रश्न ती उन्हाळ्यापासून घेऊन हिंडत होती, आणि म्हणूनच माझ्यासमोर यायची थांबली होती. मला ते तेव्हा कळलं. 'तुझ्या थाळीनं काही झालं नाही' म्हणणं किती सोपं होतं! पण तिनं माझ्या खोलीत तो कागद पाहिला होता. आणि शांताचा कागद कोणी काढलाच नव्हता. तिचं हृदय थाळीच्या आधीच थांबलं असेल, नसेलही.

"मले माहीत नाही, अनुसया," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही. कोनालेच माहीत होनार नाही."

तिनं सुतळी ओढली, आतल्याची हाक येईपर्यंत थांबली आणि आम्ही परत फिरलो.

घरात मी मशीन चालू केली. फुलवंता गाढ झोपली होती, कागदावर ठोके संथ पडत होते. अनुसया तिच्या पायथ्याशी बसली, आपला थंड झालेला हात मांडीखाली धरून आधी ऊबवला आणि मग पोरीच्या तळपायावर ठेवला. नुसता ठेवला. "उठ वो माय," इतकं हळू की मला ओठ हललेले दिसले फक्त. ठोके जरा जवळ आले. मग आणखी जरा. एकही वेडावाकडा नाही. झोपेतलं हृदय जागेपणात चालत येताना मी पहिल्यांदाच बघत होते. फुलवंतानं डोळे उघडले, मला पाहिलं. "बाई, अशा काय पाहून राहिल्या? जिती आहो मी!" म्हणाली आणि पट्ट्या सोडून पाणी भरायला गेली.

अनुसयानं कागद उचलून उजेडात धरला. तिला लिहितावाचता येत नव्हतं.

"याच्यात माया हात कुठी आहे?" तिनं विचारलं.

मी तिला जागा दाखवली. इथपर्यंत ठोके दूर दूर आहेत, बघ. इथे तू पायाला हात लावला. इथून ते जवळ यायला लागले.

तिनं त्या जागेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"मंग माया हात पोचते म्हना," ती म्हणाली.

"पोचते," मी म्हटलं.